हुमणीचे वर्ष जमिनीत, संधी मात्र मोजक्या संध्याकाळची

वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या दमदार सरींनी जमीन भिजली की, दिवेलागणीच्या सुमारास तपकिरी रंगाचे भुंगेरे मातीतून बाहेर पडतात. कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर ते रात्रभर पाला खातात. तेथेच नर-मादीचे मीलन होते. उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. शेतकऱ्यांना ‘हुमणी’ या नावाने परिचित असलेल्या किडीची ही प्रौढावस्था होय.

शेणकिड्यांप्रमाणेच हुमणीचे भुंगेरेही स्कॅराबिडी कुळातील आहेत. महाराष्ट्र व कर्नाटकात होलोट्रिकिया सेराटा, तर राजस्थान व गुजरातमध्ये होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही प्रजाती विशेष उपद्रवी ठरली आहे. वर्षाला त्यांची एकच पिढी होते.

मादी ओलसर मातीत अंडी घालते. सुमारे १० ते १२ दिवसांत त्यांतून पांढुरकी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी बाहेर येते. प्रारंभी ती सेंद्रिय पदार्थ व कोवळी मुळे खाते. दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत पोहोचलेली अळी सर्वाधिक खादाड असते. ऊस, भुईमूग यांसारखी पिके आणि रोपवाटिकांतील सागाची रोपे तिला बळी पडतात. रोप पिवळे पडते, सुकते आणि हलक्या हाताने ओढले तरी उपटून येते. कारण त्याची मुळेच उरलेली नसतात.

पूर्ण वाढलेली अळी खोलवर जाऊन मातीच्या कप्प्यात कोषावस्थेत जाते. कोषातून तयार झालेला भुंगेराही लगेच बाहेर येत नाही. पुढील पावसापर्यंत तो जमिनीतच निश्चल पडून राहतो.

नियंत्रणाचे मर्म या जीवनक्रमातच आहे. अळी मुळांशी दडलेली असल्याने नुकसान दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. भुंगेरे मात्र झाडांवर उघडपणे सापडतात. रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकल्यास अंडी घालण्यापूर्वीच माद्यांचा नाश होतो. प्रकाश सापळेही उपयोगी पडतात. जमिनीतील अळ्यांसाठी मेटारायझियम या बुरशीचा वापर करता येतो, तर खोल नांगरटीने उघड्या पडलेल्या अळ्या पक्षी वेचतात.

तथापि, एकाच शेतकऱ्याने हे उपाय करून भागत नाही. भुंगेऱ्यांना शेताचा बांध अडवत नाही. म्हणूनच पहिल्या पावसानंतरच्या त्या मोजक्या रात्री संपूर्ण गावाने एकत्र येऊन भुंगेरे वेचणे अधिक परिणामकारक ठरते.