परदेशी समूह सहलीतील व्यत्यय

परदेशी समूह सहलीतील व्यत्यय म्हणजे सहल संस्थेने आखलेला परदेश प्रवासाचा कार्यक्रम नैसर्गिक आपत्ती, विमान रद्द होणे, आजारपण, कागदपत्रे हरवणे किंवा संयोजनातील त्रुटी यांमुळे विस्कळीत होणे. अशा प्रसंगी पर्यटकाकडून लवचीकतेची अपेक्षा केली जाते. प्रत्येक बदल निमूटपणे सोसणे हा तिचा अर्थ नाही. स्थलदर्शनाचा क्रम, वेळ आणि भोजन यांत तडजोड करणे, तसेच सुरक्षितता, औषधोपचार, प्रवासाची कागदपत्रे व कबूल केलेल्या सेवा यांबाबत आग्रही राहणे, या दोन्ही गोष्टी तीत येतात.

पार्श्वभूमी

मराठी भाषक सहल व्यवस्थापक आणि भारतीय भोजन यांसह परदेश दाखवणाऱ्या समूह सहली महाराष्ट्रात लोकप्रिय आहेत. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली केसरी टूर्स आणि वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली वीणा वर्ल्ड या त्या क्षेत्रातील परिचित संस्था होत. उन्हाळ्याची व दिवाळीची सुटी हे अशा सहलींचे मुख्य हंगाम असतात.

पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांच्या गावांतून प्रथमच परदेशी जाणाऱ्यांना व्हिसा, तिकिटे, निवास आणि स्थलदर्शन एकाच संस्थेकडे सोपवणे सोयीचे वाटते. मात्र या सोयीमुळे हॉटेलचे नाव, परतीच्या विमानाचा क्रमांक किंवा विम्याच्या अटी ही माहिती पर्यटकाजवळ नसण्याची शक्यता असते. कार्यक्रम मोडला की हीच उणीव सर्वांत अधिक जाणवते.

प्रस्थानातील अडचणी

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून आंतरराष्ट्रीय उड्डाणे मोजकीच असल्याने बहुतेक समूह मुंबईहून निघतात. शिरूर व दौंड ही दोन्ही ठिकाणे मुंबईच्या विमानतळापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. शिरूरहून येणाऱ्यांना शिक्रापूर ते वाघोली या पट्ट्यातील वाहतूक कोंडी ओलांडावी लागते, तर दौंडहून रेल्वेने येणाऱ्यांना पावसाळ्यात लोणावळा ते कर्जत या घाटातील दरडींचा अडथळा होऊ शकतो. विमान चुकल्यास समूह पुढे निघून जातो. शिवाय पहिला टप्पा न वापरल्यास अनेक विमान कंपन्या त्याच तिकिटावरील पुढचे टप्पेही रद्द करतात. त्यामुळे आदल्या दिवशीच मुंबई गाठणे अधिक सुरक्षित ठरते.

मोठ्या व्यत्ययांची उदाहरणे

आइसलँडमधील एयाफ्यातलायोकुत्ल ज्वालामुखीचा १४ एप्रिल २०१० रोजी उद्रेक झाला. राखेमुळे युरोपातील बरेचसे हवाई क्षेत्र जवळपास आठवडाभर बंद राहिले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली व सुमारे एक कोटी प्रवासी अडकले. दक्षिण युरोपातील काही विमानतळ सुरू होते. तेथवर रेल्वेने वा बसने जाणे हा एक मार्ग होता. परंतु ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नसल्यामुळे केवळ ब्रिटनचा व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला स्पेनमार्गे परतता येत नव्हते. पर्यायी मार्ग निवडताना व्हिसाची मर्यादा कशी आड येते, हे यातून दिसते.

संयुक्त अरब अमिरातीत १६ एप्रिल २०२४ रोजी, १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पाऊस पडला. दुबई विमानतळावर पाणी साचून दोन दिवसांत बाराशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दुबईत विमान बदलून पुढे जाणाऱ्या प्रवाशांनाही त्याची झळ बसली.

करोना साथीमुळे भारताने २२ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबवली आणि परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहीम सुरू केली. अशा दीर्घ व्यत्ययात नियमित औषधांचा साठा हा कळीचा प्रश्न ठरतो. यासाठी औषधे हातसामानात, परतीच्या तारखेनंतरचेही काही दिवस पुरतील इतकी आणि औषधातील मूळ घटकाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवणे आवश्यक असते.

कार्यक्रमबदल आणि मूळ हेतू

क्रम बदलला तरी यात्रेचा हेतू टिकतो, हा अनुभव या परिसराला नवा नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी एक स्थान आहे. अष्टविनायक यात्रेचा परंपरेने सांगितलेला एक क्रम आहे. तरीही अनेक सहली रस्त्यांच्या सोयीनुसार तो बदलतात. दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथून जाणारी संत तुकाराम महाराजांची पालखी २०२० मध्ये साथीमुळे पायी न जाता एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आली. परदेशातही एखादे संग्रहालय बंद असल्यास दिवसांची अदलाबदल करणे किंवा जवळचे दुसरे स्थळ पाहणे ही स्वीकारार्ह तडजोड होय. आजारी सहप्रवाशाला हॉटेलात एकटे सोडणे किंवा चालकाला विश्रांती न देता रात्रभर बस हाकणे ही तडजोड नव्हे.

कागदपत्रे व हक्क

पारपत्र (पासपोर्ट) हरवल्यास स्थानिक पोलिसांकडे नोंद करून भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा लागतो. दूतावासाकडून मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र केवळ भारतात एकदा परतण्यासाठी चालते. त्यावर उर्वरित सहल करता येत नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. त्यात विमानाच्या विलंबाची भरपाई असेलच असे नाही. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणारे कोणत्याही कंपनीचे विमान रद्द झाल्यास, त्या संघाच्या २००४ च्या नियमानुसार ताटकळलेल्या प्रवाशांच्या भोजनाची व गरजेनुसार निवासाची सोय विमान कंपनीने करायची असते. ज्वालामुखीसारख्या असाधारण परिस्थितीतही ही जबाबदारी टळत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

परतल्यानंतर

नैसर्गिक आपत्तीचा दोष सहल संस्थेला देता येत नाही. परंतु ठरलेल्या दर्जाचे हॉटेल न देणे किंवा कारण नसताना स्थळे वगळणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे संस्थेचे कार्यालय मुंबईत असले तरी शिरूर वा दौंडच्या रहिवाशाला पुणे जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीची मुदत सामान्यतः दोन वर्षे आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. छापील कार्यक्रमपत्रिका, करार, पावत्या, छायाचित्रे आणि बदलाविषयीचे लेखी संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतात. म्हणून सहल व्यवस्थापकाशी वाद न घालता आक्षेप त्याच दिवशी लेखी कळवून सहल पुढे चालू ठेवल्यास प्रवासही थांबत नाही आणि दाद मागण्यासाठी आवश्यक पुरावाही हाती राहतो.