देल्फीनची रजा

फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने नोकरदारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि १९८२ पर्यंत ती पाच आठवड्यांवर गेली. हक्क म्हणून आलेली ही रजा पुढे जणू कर्तव्यच होऊन बसली. ऑगस्टात पॅरिस ओस पडते आणि मागे राहिलेल्याकडे लोक कीव करून पाहतात. एरिक रोमेर यांच्या ‘हरित किरण’ (१९८६) या चित्रपटाची नायिका देल्फीन, पॅरिसमधील एका कचेरीतील सेक्रेटरी, या कीवेलाच कंटाळलेली आहे. रजेच्या तोंडावर मैत्रीण ग्रीसचा बेत मोडते. प्रियकराशी संबंध तुटलेलाच आहे. मग शेरबूर, पुढे आल्प्स (तेथून तर ती त्याच दिवशी परतते!) आणि अखेर बियारिट्झ अशी तिची वणवण सुरू होते.

तिला छळणारा कोणी दुष्ट या चित्रपटात नाही. सारे तिचे भलेच चिंतितात, आणि तोच खरा जाच आहे. ती मांस खात नाही एवढ्यावरून शेरबूरच्या जेवणात सगळे तिची हसतमुखाने उलटतपासणी घेतात. हे संवाद बव्हंशी नटांनीच चित्रीकरणाच्या वेळी रचलेले असल्याने अडखळणारी, स्वतःचे नीट समर्थन न करता येणारी देल्फीन मारी रिव्हिएर हिने अभिनयाचा मागमूसही न ठेवता उभी केली आहे. देल्फीन वारंवार रडते. प्रेक्षकाला तिचा कंटाळा येतो, हेही मान्य केले पाहिजे. नायिकेविषयी असा कंटाळा येऊ देण्याचे धैर्य किती दिग्दर्शकांपाशी असते?

बियारिट्झला एक स्वीडिश तरुणी तिला पुरुषांशी ओळख किती सोपी असते ते दाखविते. देल्फीन तेथून पळ काढते. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, कोणी गर्व. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. एकटेपण संपावे म्हणून मिळेल ती सोबत पत्करणे तिला मंजूर नाही.

येथेच काही वृद्ध मंडळींच्या गप्पांतून ज्यूल व्हर्नच्या १८८२ मधील कादंबरीचा विषय तिच्या कानावर पडतो. मावळत्या सूर्याचा प्रकाश वातावरणात वक्रीभवन पावून शेवटच्या क्षणी, आकाश स्वच्छ असेल तर, हिरवा दिसतो. तो पाहणाऱ्यास स्वतःचे व दुसऱ्याचे मन वाचता येते, अशी त्या कादंबरीतील समजूत. व्हर्नचे प्रेमिक मात्र एकमेकांकडे पाहत राहतात आणि किरण हुकतो.

रोमेर यांनी नेमके हेच उलटे केले आहे. बियारिट्झच्या स्थानकावर भेटलेल्या एका तरुण सुताराबरोबर सँ-झाँ-द-लूझला येऊ का, असे देल्फीन स्वतः विचारते. संध्याकाळी दोघे शेजारी बसून समुद्राकडे पाहतात. सूर्य बुडतो, क्षणभर हिरवे काही चमकते, ती ‘होय!’ म्हणून ओरडते आणि चित्रपट तेथेच थांबतो.