आंबवलेलं सोयाबीन आणि काही शिळ्या समजुती

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर ओळीने उभे राहतात. ३१ जुलैपर्यंत ताजी मासळी महाग, म्हणून अनेक घरांत रश्श्यात सोयाबीनच्या वड्या पडतात. त्याबरोबर एक वाक्यही येतं: "जपानी माणूस आंबवलेलं सोयाबीन खातो म्हणून बारीक असतो. आपणही सोया खाल्लं की कोलेस्टेरॉल उतरेल."

पण वड्या आंबवलेल्या नसतातच. सोयाबीनचं तेल काढून उरलेलं पीठ यंत्रात उष्णता आणि दाब देऊन फुगवलं की वडी होते. टोफू, सोया दूधही आंबवलेलं नसतं. आंबवलेलं म्हणजे जपानचं नात्तो आणि मिसो, इंडोनेशियाचं टेंपे. एवढं लांब तरी कशाला? सिक्कीमचं किनेमा, मणिपूरचं हवाइजार, नागालँडचं अखुनी आहेच. त्यांचा वास सुकटीत वाढलेल्या माणसाला परका वाटू नये.

मग आपल्या पोटात आंबवलेलं सोयाबीन जातं कुठून? चायनीजच्या गाडीवरच्या काळ्या बाटलीतून. त्यातही खात्री नाही. पारंपरिक सोया सॉस मुरायला महिने लागतात. स्वस्तातला अनेकदा आम्लाने प्रथिनं फोडून काही दिवसांत तयार करतात. मीठ मात्र दोन्हींत भरपूर. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात २,००० च्या आत राहायला सांगते. 'सोया आहे, चांगलाच असणार' म्हणत रक्तदाबाच्या माणसाने तो ओतू नये.

कोलेस्टेरॉलवर सोयाचा परिणाम आहे, पण बेताचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनांबद्दल हृदयाच्या फायद्याचा दावा वेष्टनावर छापू दिला आणि २०१७ मध्ये तोच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. चाचण्यांत 'वाईट' एलडीएल सरासरी ३ ते ४ टक्के उतरतं. म्हणजे १६० चं १५५. एवढ्यावर गोळी बंद करता येत नाही. शिवाय हे श्रेय प्रथिनांचं, आंबवण्याचं नव्हे. मटणाच्या जागी वडी आली तर फायदा थोडा वाढतो, कारण ताटातली संपृक्त चरबी कमी होते.

जपानमधली २०२० ची पाहणी मोठी आहे, सुमारे ९३ हजार माणसांची. आंबवलेलं सोयाबीन जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण १० टक्के कमी दिसलं, एकूण सोयाच्या बाबतीत तसं दिसलं नाही. मात्र नात्तो खाणारे भाजीपालाही जास्त खात होते, त्यामुळे सगळं पुण्य नात्तोच्या पदरात घालता येत नाही.

वजनाचा हिशेब तर आणखी रोकडा. १०० ग्रॅम टेंपेत १९० च्या आसपास कॅलरी असतात, आणि तळलं की तेलाच्या वेगळ्या. प्रथिनांमुळे पोट लवकर भरतं हे खरं, पण भाताचा ढीग तसाच ठेवून वर सोया वाढलं तर पोट सुटायचं थांबत नाही.

एक इशारा खऱ्या नात्तोबद्दल. त्यात के-२ जीवनसत्त्व इतकं असतं की रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणामच कमी होतो. हृदयाची झडप बदललेल्यांनी ते ऑनलाइन मागवण्याआधी आपल्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवावं.