घरी त्याग, दुकानात धूर

वैशाखात गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडील कुटुंबे पहाटेच पाने तोडावयास निघतात, पुडे बांधतात आणि संकलन केंद्रावर पोहोचवितात. या कमाईतून अनेक घरांची पावसाळ्याची बेगमी होते. बिडीने या भूमीला पुष्कळ दिले आहे. १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन करणारे मनोहरभाई पटेल हे बिडी उद्योजकच होते. म्हणून या जिल्ह्यात बिडीविषयी बोलताना उपकारांची नोंद आधी करावी लागते. परंतु हिशेबाच्या वहीत जमेची बाजू लिहिली म्हणून नावेची बाजू कोरी ठेवता येत नाही.

‘बिडी म्हणजे पान, ती सिगारेटहून सौम्य’ हा समज खोटा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही. बिडी विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड शरीरात अधिक जाते. बिडी वळणाऱ्या स्त्रिया एकही बिडी न ओढता तंबाखूची भुकटी श्वासावाटे घेत असतात. भारतात तंबाखूमुळे दरवर्षी सुमारे १३.५ लाख माणसे मृत्युमुखी पडतात.

जैन घरांत धूम्रपान क्वचितच दिसते. आपल्या सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, कारण ती यादी झाली तेव्हा तंबाखू भारतात आलेलीच नव्हती. ती पोर्तुगिजांबरोबर आली. मात्र श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ स्पष्ट सांगितले आहे. प्रश्न येथेच उभा राहतो. घरी तंबाखूला स्पर्श न करणाऱ्या कुटुंबाच्या किराणा दुकानात बिडीचे बंडल फळीवर असते. भात गिरणीच्या गोदामात हमाल पोती उतरवून बिडी पेटवतात आणि कोंड्याच्या धुळीत धूर मिसळतो. मुनीम, हमाल, शेजारी बसलेले गिऱ्हाईक, सुट्टीत दुकानावर आलेली मुले, सर्वांच्या फुप्फुसांत तो जातो. क्षयरोगाचा धोका धूम्रपानाने वाढतो, आणि क्षय एका घरात थांबत नाही. स्वतःच्या सवयीने दुसऱ्याची निष्कारण हिंसा होत असेल तर तो अनर्थदंडच होय.

सोडण्याचे फळ मात्र लवकर मिळते. शेवटच्या झुरक्यानंतर २० मिनिटांत हृदयाची गती उतरू लागते. १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो. एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो, तर दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्मा राहतो. साठीतल्या माणसानेही सोडले तरी लाभ होतोच.

सोडण्याची रीतही आपल्या परंपरेत आहे. नवकारसीत सूर्योदयानंतर ४८ मिनिटे मुखात काही न घालण्याचे पच्चक्खाण घेतले जाते. लहान, मोजका, निश्चित वेळेचा नियम हेच तिचे सामर्थ्य. तल्लफ बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिण्यात, फेरी मारण्यात किंवा माळेत गेला की ती ओसरते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात, तेव्हा घरच्यांनी टोमणे न मारता साथ द्यावी. चिडचिड ही स्वभावाची नव्हे, निकोटीन सुटत असल्याची खूण आहे. पुन्हा चूक झाली तर प्रायश्चित्त घेऊन नियम पुन्हा घ्यावा. एक सावधगिरी हवी: विदर्भात बिडी सोडून खर्रा धरणारे पुष्कळ आहेत. तो त्याग नव्हे, केवळ खाते बदलणे आहे. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा केंद्र शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे.

पैशाचाही विचार करावा. धूम्रपानावर रोज २० रुपये जात असतील तर महिन्याचे ६०० होतात. तेच दहा वर्षे साडेसहा टक्के दराने आवर्ती ठेवीत टाकले तर सुमारे एक लाख रुपये हाती येतात. हमालाच्या घरी ती मुलीच्या शिक्षणाची रक्कम ठरते.

म्हणून या चातुर्मासात प्रत्येक पेढीने तीन नियम घ्यावेत. गादी व गोदाम धूम्रमुक्त ठेवावे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून कायद्यानेही बंदी आहे. सोडू इच्छिणाऱ्या नोकराला दवाखान्यात जाण्यासाठी पगारी सुट्टी द्यावी आणि ज्याने सोडले त्याच्या नावे पहिला आवर्ती हप्ता मालकाने भरावा. तिसरा नियम कठीण आहे. फळीवरील बंडल हटवावे. त्या नफ्याची तूट वहीत दिसेल. पण पर्युषणात क्षमापना करताना ज्या जिवांची क्षमा मागितली जाते, त्यांत समोर पोती उचलणारा हमालही असतो.