बंदिमुक्तांचे लैंगिक आरोग्य

कारागृहातून नुकत्याच सुटलेल्या पुरुषांस लैंगिक संसर्गापासून बचावासाठी दिले जाणारे साहाय्य. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. कारण जुने संबंध पुन्हा जुळतात, पण निवारा, रोजगार व औषधोपचार यांची शाश्वती नसते. अमेरिकेच्या चार राज्यांत १८ ते २९ वर्षांच्या बंद्यांवर ‘प्रोजेक्ट स्टार्ट’ हा प्रयोग करण्यात आला (निष्कर्ष २००६). त्यात सुटकेपूर्वी दोन आणि नंतर १, ३, ६ व १२ आठवड्यांनी प्रत्येकी एक भेट योजिली होती. नुसता उपदेश न करता समुपदेशक निवारा व कामधंदा यांच्या अडचणींतही लक्ष घालीत; पद्धतीचे मर्म हेच. २४ आठवड्यांनंतरच्या पाहणीत एकच भेट मिळालेल्यांपैकी ७८ टक्के, तर या गटातील ६८ टक्के पुरुषांनी असुरक्षित संभोग झाल्याचे सांगितले. हा फरक माफकच म्हणावा लागेल.