‘तारण’ या शब्दाचा अर्थ

मराठी ख्रिस्ती समाज ज्यास ‘तारण’ म्हणतो, त्यामागील मूळ ग्रीक ‘सोतेरिया’ शब्दात मरणोत्तर सद्गतीच नव्हे, तर संकटातून सुटका आणि आरोग्य या छटाही आहेत. किंबहुना ‘येशू’ या नामाचाच हिब्रू अर्थ ‘परमेश्वर तारतो’ असा होतो. तारणाची आवश्यकता अशी की, पाप हे या श्रद्धेनुसार एखाददुसरे दुष्कृत्य नसून ईश्वराशी असलेला संबंधच तुटल्याची अवस्था होय, आणि मनुष्याच्या स्वतःच्या पुण्यसंचयाने तो सांधला जात नाही. म्हणूनच ख्रिस्ताच्या आत्मार्पणास नव्या करारात सुटकेसाठी भरलेल्या खंडणीची उपमा आली. (कर्जापोटी ठेवलेल्या जिनसेस आपल्या दप्तरी भाषेतही तारणच म्हणतात, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.) पापातून होणारे हे तारण केवळ श्रद्धेने लाभते की सत्कृत्यांचाही त्यात वाटा असतो, हा सोळाव्या शतकातील तंटा लूथरपंथीय व कॅथलिक यांनी १९९९ साली आउग्सबुर्ग येथील संयुक्त जाहीरनाम्याने पुष्कळसा मिटविला. हिंदू परंपरेतील मोक्षाहून मात्र तारण वेगळे: मोक्षात जन्ममरणाचा फेरा संपतो, तारणात ईश्वराशी दुरावलेले नाते पुन्हा जुळते. हा भेद ठाऊक असूनही फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराण’ या मराठी काव्यात स्वर्गास निःसंकोच ‘वैकुंठ’ म्हटले.