जांभळ्या टोपणाची नळी

विल्म्स ट्यूमरच्या पोराचं रक्त काढताना आई-बाप हमखास विचारतात, “दादा, गाठ किती कमी झाली ते यात कळेल ना?”

नाही कळत. मूत्रपिंडाचा हा कर्करोग बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो; १८९९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाचं नाव त्याला मिळालं. यकृताच्या हेपॅटोब्लास्टोमात रक्तातल्या एएफपी या प्रथिनाचा आकडा उतरला की औषध लागू पडतंय हे समजतं. न्यूरोब्लास्टोमाचा माग लघवीतल्या व्हीएमए या रसायनावरून लागतो. विल्म्सला असा भरवशाचा आकडा अजून मिळालेला नाही. रक्तात झिरपलेले गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधण्याचं संशोधन चालू आहे, पण आज गाठ बघायची ती सोनोग्राफीत. छातीचा एक्स-रे किंवा सीटीही लागतो, कारण आजार पसरलाच तर बहुधा आधी फुप्फुसांत.

मग रक्त कशाला? पोराला केमोचं औषध झेपतंय का, ते बघायला. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोनेक मिली रक्त घ्यायचं आणि नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची. खळाखळा हलवायची नाही, नुसती ठेवूनही द्यायची नाही. गुठळी झाली तर प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात आणि पोराला पुन्हा टोचावं लागतं. तेव्हाची त्याची नजर मला सोसत नाही.

खरी उत्सुकता ‘काउंट’ची. पांढऱ्या पेशी २४००, त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे ७२०. हा गुणाकार बाप मंडळी मोबाइलवर माझ्याआधी करतात. अॅक्टिनोमायसिनची पाळी असेल तर अशा आकड्यावर बहुधा पुढची तारीख मिळते. नुसतं व्हिन्क्रिस्टिन असेल तर डॉक्टर अनेकदा देऊन टाकतात. ते पेशींना फारसं दाबत नाही.

ऑपरेशनआधी निळ्या टोपणाची नळीही लागते. यातल्या काही मुलांत रक्त गोठवणारा व्हॉन विलेब्रांड घटक कमी झालेला असतो, आणि ते आधी कळलेलं बरं.

एक मूत्रपिंड काढल्यावर भार दुसऱ्यावर. म्हणून उपचार संपले तरी क्रिएटिनिन आणि बीपी वर्षानुवर्षं बघावं लागतं. इथेच माणसं गळतात. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, त्यात पोर तर टुणटुणीत दिसतंय. क्रिएटिनिन तालुक्याच्या लॅबमध्येही होतं. तिथे करा, रिपोर्ट ओपीडीच्या व्हॉट्सअॅपवर टाका, पण सोनोग्राफीची तारीख चुकवू नका, एवढं मी प्रत्येकाच्या फाइलवर ठळक लिहून देतो.